विळी माळ्यावर गेली

माझी बायको लग्न झाल्यापासून भाजी जमिनीवर बसून चिरत आली आहे. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये लांबलचक ग्रॅनाइटचा ओटा आहे, चांगल्या सुऱ्या आहेत, पण ती विळीच्या पाटावर पाय दाबून बसणार, पुढ्यात परात ओढणार, तेव्हाच तिला भाजी चिरल्यासारखी वाटणार. मागच्या थंडीत एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून सुरीनं दोडका कापत होती. विळी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली होती.

"विळीला काय झालं?"

"धार गेली."

"खरंच?"

"नाही, खोटं बोलतेय," ती म्हणाली आणि दोडक्याकडे बघत राहिली.

हे 'खरंच?' माझ्या तोंडात कायमचं बसलेलं आहे. मी विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांची छाननी करतो. कंबर धरली, मांडी भरून आली, खुब्यात कळ येते, असं सांगत लंगडत येणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यातली काही आमच्या ऑफिसचा जिना उतरली की झपाझप चालायला लागतात, हेही पाहिलं. हाड मोडलं तर ते फोटोत दिसतं. कंबरेचं आणि मांडीचं दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून खोटं बोलायला ते फार सोयीचं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि त्यातलं अर्धं सोडून द्यायचं, ही माझी रीत. घरी आल्यावर ती बदलत नाही, याचा बायकोला वैताग आहे आणि मला त्याची लाज वगैरे वाटत नाही.

तर धार गेली म्हणे. मी विळी माळ्यावरून काढली, पिशवीत घातली आणि अफझलगंजला धारवाल्याकडे नेली. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवतोय.

"इसकू धार कायकू, साब? हात लगाए तो कट जाता. किने बोला धार गई?"

किने बोला ते मी त्याला सांगितलं नाही. पण कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की झालं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. बायको टीव्ही उभ्यानं बघत होती. रिक्षात एका कुशीवर कलून, दांडीला धरून बसत होती. जेवताना "आत्ताच खाल्लंय" म्हणून ओट्याशी उभ्यानंच घास घेत होती. देवघरात उदबत्तीचा धूर जरा जास्तच व्हायला लागला होता आणि त्याच्याखाली मलमाचा वास लपत नव्हता. मी काही विचारलं की "उगं परेशान करू नका" हे उत्तर तयार असायचं.

संशय खो-खोवर जाणं साहजिक होतं. आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बायकांचा खो-खोचा सामना असतो. एका बाजूला आमच्यासारख्या, निजामाच्या काळापासून इथं असलेल्या घरांतल्या जुन्या हैदराबादी बायका, दुसऱ्या बाजूला नोकरीसाठी आलेल्या पुण्या-मुंबईच्या. या सामन्याची चेष्टा आम्ही पुरुष खूप करतो, पण मैदानात त्या बायका एकमेकींना काडीची दयामाया दाखवत नाहीत. दर वर्षी पुणे-मुंबईवाल्या जिंकतात, त्या तरुण असतात. या वर्षी पहिल्यांदाच माझ्या बायकोनं नाव दिलं होतं. पन्नाशीत. तारनाक्याच्या मैदानावर रोज पहाटे सराव चालायचा.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहते, कॉम्प्युटरवाली. ती विरुद्ध संघात होती, पण सरावाला दोघी एकाच स्कूटीवर जायच्या. तिला लिफ्टमध्ये गाठून मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय म्हणतात आमच्या बाई मैदानात?"

"काका, काकू एकदम फिट आहेत हां! डोन्ट वरी," ती म्हणाली. मी काळजीचा शब्दही काढला नव्हता. निष्पाप माणूस न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

त्या दुपारी मी विळी स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली, शेजारी मेथीची जुडी ठेवली आणि बायकोला म्हणालो, "बसून दाखव."

ती रागावली. मग माझ्याकडे बघत हळूहळू वाकली, अर्ध्यावर आली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. भिंतीला हात टेकून ती परत उभी राहिली. मग पाठमोरी होऊन तिनं साडी मांडीपर्यंत उचलली. डाव्या गुडघ्याच्या मागून मांडीपर्यंत कातडी काळीनिळी पडली होती, कडेनं पिवळी. मार कुठेच लागला नव्हता, ती म्हणाली. सरावात खांबाला वळसा घेताना ढुंगणाखाली काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि ते रक्त आतल्या आत खाली उतरलं होतं. ते बघून मला भीती वाटली आणि राग आला, दोन्ही एकदमच.

डॉक्टर तरुण होता, गोड बोलणारा. असे लोक मला आवडत नाहीत. स्कॅन बघून तो म्हणाला, मांडीमागच्या स्नायूची दोरी आपण ज्या हाडावर बसतो त्या हाडाला चिकटलेली असते, तुमची तिथून थोडी सुटली आहे. धावणाऱ्यांना होतं असं. खेळ बंद, ताणायचं नाही, चोळायचं नाही. हळूहळू भरून येईल. पण तशातच धावलात आणि पूर्ण सुटली, तर ऑपरेशन, आणि मग किती तरी महिने नीट बसता येणार नाही.

जिना उतरताना मी जे म्हणालो ते माझ्या धंद्याला शोभेल असंच होतं. "स्कॅनचं मशीन त्यांचं, व्यायाम शिकवणारा त्यांचा, ऑपरेशनचं टेबलही त्यांचंच. मग ती दोरी सुटलेली असणारच. हे लोक आधी घाबरवतात." बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी ती बूट पुसत बसली. बसली म्हणजे पलंगाच्या कडेला उशीवर, कललेली.

"डॉक्टर काय म्हणाला, ऐकलंस ना?"

"तुम्हीच म्हणलात, ते घाबरवतात."

ऑफिसात माझ्याच शेऱ्याचा आधार घेऊन कुणी दावा मंजूर करून घेतला, तर जसं होईल तसं झालं. मी म्हणालो, "मी आपलं बोललो. कामून एवढा हट्ट? चेष्टेचा तर सामना."

"तुमच्यासाठी चेष्टा." ती बूट खाली ठेवून माझ्याकडे वळली. "आमच्या गावच्या शाळेत मी खो-खोच्या पाटीवर खांबाजवळ बसायचे. तिथं बसवतात ती भरवशाची पोरगी असते. मागून पाठीवर थाप पडली, खो म्हणलं, की उठायचं. विचार करायचा नाही. लग्न झाल्यापासून माझ्या पाठीवर कुणी तशी थाप मारली नाही हो. या सरावात परत मारली. मला एकदा उठायचंय."

मी दिवा घालवला. तिचं खरं होतं, हे मला ऐकतानाच कळलं होतं. म्हणूनच मी 'खरंच?' असं विचारलं नाही.

सामन्यात जुन्या हैदराबादी बायकांची पाठलागाची पाळी आली तेव्हा ती खांबाजवळच्या चौकोनात बसली होती. नीट उकिडवी, बाकीच्यांसारखीच, फक्त सगळा भार उजव्या पायावर. मी मैदानाभोवतीच्या दोरीच्या बाहेर उभा होतो आणि तिच्या डाव्या पायावरून नजर काढत नव्हतो. तिच्या पाठीवर थाप पडली. "खो!" ती उठली, आणि खोटं कशाला सांगू, मी इतक्या वर्षांत तिला तसं उठताना कधीच पाहिलं नव्हतं. खांबाला वळसा घालून तिनं वरच्या मजल्यावरच्या मुलीला खांद्यावर गाठलं. आमच्या बाजूच्या बायकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मीही ओरडलो.

आता तिनं कुणालातरी खो देऊन त्या जागी बसायचं होतं. तिनं समोरच्या बाईच्या पाठीवर थाप मारली, ती बाई उठून पळाली, चौकोन रिकामा झाला. बायको त्यात जाऊन उभी राहिली. उभीच राहिली. "बसा, बसा!" चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. पंचानं शिट्टी वाजवली. तिनं खाली बघितलं, जणू जमीन फार लांब होती.

मी दोरीखालून आत गेलो. ती सगळ्यांकडे बघून हसत होती. "काही नाही, थोडं आखडलंय."

"थोडंच आखडलंय," मीही सगळ्यांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचंतरी बोलणं जसंच्या तसं मान्य करायचं होतं. तिचा हात मी माझ्या खांद्यावर घेतला. आम्ही दोरीच्या बाहेर आलो, मंडपामागे, जिथं कुणी नव्हतं.

"विचारा की," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"काय?"

"नेहमी विचारता ते."

मला विचारायचं नव्हतं. तिच्या बोटांची नखं माझ्या खांद्यात रुतत होती.

"खरंच थोडंच आखडलंय?"

"नाही हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.