दोन्हीकडून दार

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. वायसरमामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझे डोळे अधू झालेत, टाळायला फार वेळ उरलेला नाही.

वॉशरला आमच्याकडे वायसर म्हणतात. मामा रबराचं कडं अंगठ्याच्या नखानं तपासत. परभणीच्या वर्कशॉपात ते रोजंदारीवर होते, मी इंजिनिअर. जमिनीच्या पोटातल्या कढत पाण्यापर्यंत बोअर घेणाऱ्या यंत्रांची सीलं आम्ही बनवत होतो. मामा कडं तापवलेल्या तेलात तासभर ठेवत, काढून नख दाबत. खूण बुजली तर म्हणत, "जितं हाय." नाही बुजली तर कडं माझ्या टेबलावर. "सायेब, मयताला या."

आमची सीलं खोलवर गेली की फाटत. रबर जळतं असं धरून मी वर्षभर रबरच बदलत बसलो. मामांनी मात्र फाटलेली कडी सुतळीत ओवून ठेवली होती. एकदा ती माळ माझ्यापुढे धरून म्हणाले, "जळालं कुठं? काठाला बघा, कुरतडल्यावानी झालंय. गरम झालं की मऊ होऊन फटीतून पळायलंय ते. दोन्हीकडून दार लावा त्याला." त्यांनी ॲस्बेस्टॉसची दोरी ग्राफाइटात घोळून, ठोकून दोन कडक कडी केली आणि रबर मधे बसवलं. ते सील टिकलं.

"अहवालात नाव येईल तेवढं बघा," मामा म्हणाले. नाव आलं असतं तर ते कायम झाले असते. दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. मामा बौद्ध, पोखर्णीकडचे. माझे चुलते नामांतराविरोधी मोर्चात पुढे. "वातावरण निवळू द्या, मामा," मी म्हणालो आणि अहवालावर माझं एकट्याचं नाव घातलं. मला कोणी धमकावलं नव्हतं. बढती मिळाली. पुढे मामांना कामावरून कमी केलं, त्या कागदावर सहीही माझीच. "निवळलं की कळवा," म्हणून ते माळ घेऊन गेले.

चौऱ्याण्णवला विद्यापीठाचा नामविस्तार झाल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. माळ दाराजवळच्या खुंटीला होती. मामांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग माझ्याकडे बघत विचारलं, "सायेब, निवळलं म्हणायचं का?"

वाक्य मी बसमध्ये घोकत आलो होतो. मामा, ते काम तुमचं होतं, मी चोरलं, मला माफ करा.

मी म्हणालो, "चहात साखर कमी सांगा."