एकटा गवा

आई गेल्यावर आबांना मी हट्टानं चेन्नईला आणलं. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, अड्यारला भाड्याचं घर, एक खोली रिकामीच. पण आबा राधानगरीकडच्या डोंगरातले, जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, असं मानणाऱ्या पिढीतले. अधूनमधून म्हणायचे, "आता जातो." मी फणकारायची, "लोक काय म्हणतील, हेच ना? इथं तुम्हाला ओळखतंय कोण?" ते काठी पुन्हा कोपऱ्यात ठेवत, आणि मी जिंकले असं समजे.

आमच्या गावी दिशा डोंगरावरून सांगतात: वरच्या अंगाला, खालच्या अंगाला. अड्यार पोळपाटासारखं सपाट. दूध आणायला निघालेले आबा कोपऱ्यावर थांबून आधी मान वर करून डोंगर शोधत, मग हमखास चुकत. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

म्हणून पोंगलच्या सुट्टीत त्यांना नीलगिरीत कोटगिरीला नेलं. वर्षातून एकदा डोंगर दाखवला की म्हातारा रमेल, असा माझा बेत.

तिथं आबा वेगळेच झाले. चहाच्या मळ्याच्या वर जंगलाची कड होती. सकाळी धुकं विरल्यावर त्यांनी ओढ्याकाठचे खुरांचे ठसे पाहिले, काठीनं शेण उकललं आणि म्हणाले, "सांजच्याला येतंय बघ." मला ते इतके खूश कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. त्याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

संध्याकाळी खरंच एक गवा उतरला. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, एक कान फाटलेला. कळप दूर पलीकडच्या उतारावर चरत होता.

"बिचारा," मी म्हटलं. "म्हातारपणी एकटा पडला."

"बिचारा कशापायी?" आबा हळूच म्हणाले. "म्हातारा नर आपणहून सुटा फिरतो. वढा वळखीचा हाय, वाट वळखीची हाय. सुखात हाय त्यो."

गवा पाणी पीत होता. त्याच्यावरची नजर न काढता ते पुढं म्हणाले, "तुझ्याकडं मला काय बी कमी न्हाई, पोरी. आन् लोकांचं म्हणशील, तर त्यास्नी मी कधी इचारलंच न्हाई."

इतके महिने मी ज्या लोकांशी भांडत होते, ते आमच्या घरात कधी नव्हतेच. मी विचारलं, "तिकीट कधीचं काढू?"

"शिमग्याच्या आत," आबा म्हणाले. त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.