गर्दीतल्या बायका काय बोलत होत्या

शाळेत माझ्यासोबत गणित शिकवणारी मैत्रीण गोंड घरातली. लहानपणी आपण सिनेमात होतो, असं तिची आई वर्षानुवर्षं सांगत आली आणि घरातले सगळे हसत आले. गावात शूटिंग झालं होतं म्हणे, पण सिनेमाचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

मी हे सहज घरी बोलले. नवऱ्याला जुन्या सिनेमांचं वेड. "अन् हे तू मले आज सांगून राहिली?" तो म्हणाला. नदी, जमीनदार, जंगलातली मुलगी, आईला आठवणाऱ्या एवढ्या खुणांवर त्याने आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एक कृष्णधवल सिनेमा शोधून काढला. रविवारी दुपारी मैत्रीण आईला घेऊन चौबे कॉलोनीत आमच्याकडे आली.

सिनेमातली नायिका शहरातली गोरी नटी. तिला काळा रंग फासून जंगलातली मुलगी केलं होतं. तिची ती मोडकी हिंदी आमच्याकडे कोणीच बोलत नाही. मला पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं झालं. आई मात्र खुशीत.

"घामानं तिचा रंग उतरायचा, की एक माणूस धावत येऊन परत लावायचा," ती आपल्या छत्तीसगढीत सांगू लागली. "आम्ही पोरं तेच बघत बसायचो. आम्हाला रंगाची गरज नव्हती, म्हणून मागं उभं केलं."

मग जमीनदार गाव रिकामं करवतो तो प्रसंग आला. व्हायोलिन रडू लागलं. नायिकेच्या मागे गावच्या बायका कुजबुजत उभ्या होत्या. आई एकदम पुढे सरकली. "थांबवा."

नवऱ्याने चित्र थांबवलं. एका टोकाला बकरीचं दावं धरून सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती.

"ही तू?" मैत्रिणीने विचारलं.

"हव. अन् ही माझी आई. तिच्या बाजूला काकू."

मैत्रीण टीव्हीजवळ गेली आणि आजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "हे कपाळ तर माझंच आहे," ती हळूच म्हणाली.

चित्र पुढे सरकलं आणि आईला हसू आवरेना. पदराने डोळे पुसत तिने सांगितलं, "शूटिंगचा साहेब म्हणाला होता, आपल्या गोंडीत दुःखाचं काहीतरी बोला. आई काकूला विचारून राहिली, जेवण कधी देणार? काकू म्हणते, हा मिशीवाला जमीनदार इथून हलल्याशिवाय काही मिळत नाही."

आम्ही तो प्रसंग परत लावला. व्हायोलिन रडतंय, नायिका हुंदके देतेय आणि मागे दोघी गंभीर चेहऱ्याने भाताची चौकशी करताहेत. हसून हसून आमची पोटं दुखली.

"इतकी वर्षं कोणाला कळलंच नाही?" मैत्रीण म्हणाली.

"कोणी विचारलं तर कळणार ना."

पुढच्या रविवारी घर भरून पाहुणे आले. सोबत डबाभर फरा, तांदळाच्या पिठाचा, अजून गरम. पाहुण्यांत गावाहून बसने आलेली त्या काकूची मुलगी होती, आता साठीतली. ती लहान असतानाच काकू गेली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. पडद्यावर काकू बोलू लागली तशी तिने खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली.

"आवाज थोडा वाढवा भैया," ती नवऱ्याला म्हणाली.