छत्रीच्या पंखातलं भोक

वर्गात शिरल्या की मावशी आधी खिडक्या लावून घ्यायच्या. मग पंखा बंद. मग सांगायच्या, "बघायचं ते डोळ्यांनी. हात मांडीवर. जो ओरडेल त्याला पेटीत घालून घरी नेईन."

पोरं हसायची आणि गप्प व्हायची.

पेटीत छत्री असायची. छत्री म्हणजे फळं खाणारं वटवाघूळ, मादी. फळझाडांवर टाकलेल्या जाळीत ती अडकली होती. पंखाचा पातळ पडदा फाटून मोठं भोक पडलं होतं. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, जगेल, पण उडेल असं वाटत नाही. म्हणून ती मावशींकडे राहिली.

सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. माझं शिक्षण संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि त्यांना पेटी उचलायला कुणीतरी हवं होतं. मैत्री तशी जमली. पूर्वी त्या शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या, कपाटातल्या बरण्या पुसायच्या. "बरणीतला साप म्हणजे लोणचं," त्या म्हणायच्या. "त्याच्याकडे बघून पोरांना काय कळणार?" निवृत्त झाल्यावर त्यांनी जखमी प्राणी सांभाळायला घेतले.

त्यांचा एक नियम होता. तो त्या प्रत्येक वर्गात सांगायच्या. जो बरा होऊन परत जाणार, त्याला शाळेत आणायचं नाही. त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. माणसाची सवय लागली तर बाहेर त्याचा घात होतो. ज्याला परत जाताच येणार नाही, त्यालाच नाव आणि त्यालाच शाळा.

छत्रीशी त्या दिवसभर बोलायच्या. "खा गं बाई, हाडं वर आलीत तुझी." आवाज आला की छत्री मान वळवायची. मावशींचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "माझ्याशी एवढं बोलली असतीस तर मीही उलटा लटकलो असतो."

एका वर्गात आम्ही वर्ष सरताना पुन्हा गेलो. मावशींनी हातमोजे घातले आणि छत्रीचा पंख दिव्यासमोर उलगडला. "ही बघा बोटं. तुमच्यासारखीच, फक्त लांब. आणि मधे हे भोक."

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "कुठंय भोक?"

"हे काय."

"मागच्या वेळी त्यातून तुमचा चष्मा दिसत होता. आता नाही दिसत."

पोरं हसली. मीही वाकून बघितलं. मसुराच्या दाण्याएवढं उरलं होतं. भोवती नवी, फिकट कातडी. मावशी तो पंख रोज बघत होत्या. रोज बघणाऱ्याला ते भरत आलेलं दिसलं नव्हतं.

"म्हणजे ही आता परत जाणार ना?" मुलगी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

मावशींनी पंख हळूच मिटला. "हो बाळा," त्या म्हणाल्या. बाकीचा तास त्यांनी कसाबसा उरकला.

घरी काका म्हणाले, "एवढ्याशा पोरीचं काय मनावर घेतेस? राहू दे की तिला."

"माझ्या आवाजाची सवय लागलीय तिला. बाहेर टिकली नाही तर?"

"तेच म्हणतोय मी. ठेव."

"आणि टिकली असती तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांनी पंख तपासला. त्यांच्याकडच्या जाळीच्या मोठ्या खोलीत आणखी वटवाघळं होती. छत्रीला त्यांच्यात सोडलं. मावशी रोज फळं घेऊन जायच्या. चुकूनही शब्द निघू नये म्हणून तोंडावर रुमाल घट्ट बांधायच्या. सुरुवातीला छत्री त्यांच्या चाहुलीनेही मान वळवायची. मग ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उडू लागली.

एक दिवस मावशी मला जिन्यात भेटल्या. "आज तिनं बघितलंच नाही माझ्याकडे. बरं झालं." असं म्हणून त्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसलो.

तिला सोडायचं ठरलं त्या संध्याकाळी मावशी, काका, डॉक्टर आणि मी नदीकाठच्या झाडांखाली गेलो. वर शेकडो वटवाघळं किचकिचत होती. सोडायचं मावशींनीच, असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी हात उंच धरला. छत्री हातमोज्याला लटकून राहिली.

"हात जरा हलवा," डॉक्टर कुजबुजले.

मावशींनी हलवला नाही. रुमालाआड ओठ हलत होते, आवाज नव्हता. वरची वटवाघळं एकेक करून निघू लागली. छत्रीने तिकडे मान वळवली आणि पकड सोडली. ती दगडासारखी खाली आली. गवताला टेकता टेकता तिचे पंख उघडले. मग ती वर गेली, आणि त्या गर्दीत ती कुठली ते कळेना.

मावशींचा हात तसाच वर होता.

"अगं, हात खाली घे आता," काका म्हणाले.

"चुकून परत आली तर?"

काका पुढे झाले आणि त्यांनी मावशींच्या कोपराखाली आपला हात धरला.