काय काका, गुडघा कसा आहे?

गोड बोलणाऱ्या माणसाला आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका जितके घाबरत, तितकं अख्ख्या बोरीवलीत कुणी दरोडेखोरालाही घाबरलं नसेल. चोर एकदाच लुटतो, गोडबोल्या रोज थोडंथोडं नेतो, असं त्यांचं म्हणणं. जिन्यात कुणी चार शब्द सुनावले तर काका कठड्याला टेकून शांतपणे ऐकून घेत. पण "काय काका, गुडघा कसा आहे?" असं कुणी मायेनं विचारलं की दचकत आणि घरात शिरून आधी कडी लावत. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा नेमकं हेच विचारलं, तेव्हा "ह्येका माझो गुडघो कित्याक होयो?" असं म्हणत त्यांनी दिवसभर काकूंचं डोकं खाल्लं. संध्याकाळी सेक्रेटरी सहीचा कागद घेऊन हजर. पाण्याची नवी टाकी बरोब्बर काकांच्या छतावर बसवायची होती. दहा संशयांतला असा एखादाच खरा ठरे, पण त्या एकाच्या जोरावर उरलेले नऊ वर्षभर मजेत जगत.

याचं मूळ गिरणीत होतं. काका तिथे जॉबर होते. रोज सकाळी जमलेल्या बदली कामगारांपैकी आज काम कुणाला द्यायचं, हे त्यांच्या हातात. त्यामुळे वीसेक वर्षं त्यांच्या कानांवर साखरेचाच मारा झाला. मग गिरणी बंद पडली, आणि त्याच बदलीवाल्यांपैकी एकाने भर बाजारात "काय म्हाताऱ्या, कुठे निघालास?" म्हणून हटकलं. "आता तो खरा बोललो," एवढंच काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही असं ते सांगत. मला ते कधीच पटलं नाही.

माणूस काय बोलतो ते ऐकू नये, कुणाशी कसा बोलतो ते ऐकावं, हा त्यांचा सिद्धांत. तो सिद्ध करायला एकदा ते भोकं पडलेल्या गंजीफ्रॉकमध्ये रेशनच्या दुकानात गेले. "ए, लाइनीत जा मागे!" दुसऱ्या दिवशी मुलाचा सफारी सूट चढवून गेले. तो पोटावर बसेना, म्हणून श्वास रोखून चालत होते. "या साहेब, बोला," दुकानदार म्हणाला. "साहेब खयचो? काल लाइनीत पाठवलंस तो मीच!" काका गरजले, आणि त्या गरजण्यात मुलाच्या सफारीचं बटण उडालं. रॉकेल मिळालं नाही ते वेगळंच.

त्यांचा विश्वास म्हणजे दोनच माणसांवर. एक मढची मासेवाली. "ए म्हाताऱ्या, किती दाबशील? मेलेला बांगडा परत मारतोस काय?" असं ती टोपलीपाशी बसून ओरडे आणि काकांचा चेहरा उजळे. दुसरा मी. रोज संध्याकाळी जिन्यात त्यांच्या पेपरवरून आमचं कडाक्याचं भांडण होई. मी त्यांना चक्रम म्हणे. "मेल्या, तुका अक्कल नाय," ते म्हणत, आणि "पण तुका माझ्याकडसून काय नको, म्हणून तू बरो," अशी पुस्ती जोडत. अशी शाबासकी मला ऑफिसात कुणी दिली नव्हती.

आणि मग काकांच्या मुलाची बदली झाली. तो फोनच्या ऑफिसात साहेब होता, तो आमच्याच भागात आला. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचे ते दिवस. आठवड्याभरात आमच्या बिल्डिंगचा आवाज बदलला. सेक्रेटरी काकांसाठी जिन्यात बाजूला सरकू लागला. तळमजल्यावरच्या बाईंनी ढोकळा पाठवला, तो काकांनी संशयाने आधी हुंगला, मग खाल्ला. "सगळे गुडघे विचारतत रे," ते मला म्हणाले. "तू मात्र भांड हां माझ्यावांगडा."

माझाही अर्ज चार वर्षं पडून होता. बायकोला सातवा महिना लागला होता, आणि जवळचा फोन म्हणजे वाण्याचा, तोही आठला बंद. तिला रात्री काही झालं तर, या भीतीने मला झोप येत नसे. एका संध्याकाळी काका भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. मी धावत खाली गेलो. "द्या हो काका ती पिशवी. तुम्ही कशाला त्रास घेता? दमला असाल."

माझा आवाज माझ्याच कानांना परका वाटला. काका दोन पायऱ्यांमध्ये थांबले. रागावले नाहीत. माझ्या खिशाकडे बघून म्हणाले, "फॉर्म हाडलंस?"

आणला होता. अर्जाची नक्कल, चौघडी घालून. त्यांनी ती घेतली, पिशवीत कोथिंबिरीखाली ठेवली आणि पिशवी स्वतःच उचलून वर गेले.

तीन आठवड्यांत फोन लागला. मी पेढे घेऊन वर गेलो. काका खुर्चीतून उठले. "या, या साहेब. बसा. अहो, साहेबांना चहा टाका." मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भांडण उकरून काढलं. त्यांच्या हातातला पेपर ओढला, चक्रम म्हणालो. "घ्या ना, आपण आधी वाचा," म्हणत त्यांनी पेपर नीट घडी करून माझ्या हातात दिला.

मुलगी झाल्याची बातमी त्याच फोनवर आली. मी तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर धावलो, काकूंच्याही आधी काकांनाच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. क्षणभर वाटलं, आता तोंडातून त्यांचं मालवणी सुटणार. पण त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, हात जोडले.

"आपलं मनःपूर्वक अभिनंदन," काका म्हणाले. "ऐकून अतिशय आनंद झाला."

मी आभार मानले आणि जिना उतरलो. माझ्याशी इतक्या आदराने आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.