करंगळीपर्यंतचा रस्ता

स्वतःच्या जखमेवर माझ्या आत्याइतकं प्रेम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बालाघाटच्या कॉलेजात तिनं आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी मिळेनात म्हणून ती भेटेल त्याला शिकवू लागली. अशात खिडकीची काच पुसताना फुटली आणि तिच्या कोपराजवळची नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली. नागपूरला ऑपरेशन करून टोकं जोडली, तरी करंगळी बधिरच राहिली. संवेदना परत येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही हबकलो, आत्याला मात्र विषय मिळाला.

ऑटोवाल्यानं "मॅडम, हाथ कैसा है?" एवढंच विचारलं, तर स्टेशनपासून घरापर्यंत तिचा तास चालला. "तुटला का तंतू पुढं मरते. पण त्याच्या भवतालच्या पेशी मरत नाहीत. त्या पह्यले कचरा साफ करतात, मंग रांगेत लागून वाढीची प्रथिनं सोडतात. तिकडं मणक्यापाशी त्या तंतूची पेशी नवा माल बनवून टोकाले धाडते, अन् टोक चाचपत चाचपत समोर सरकते. दिवसाले जेमतेम मिलिमीटर."

"मतलब टाइम लगेगा," तो म्हणाला.

हातावर टिचकी मारली की जिथं झिणझिण्या येतात तिथवर नस पोचली, हे कळल्यापासून तर ती कुठंही टिचक्या मारी. कटंगीच्या एका लग्नात ती मधेच म्हणाली, "आली, मनगटापाशी आली." शेजारची बाई वरात आली समजून आरतीचं ताट घ्यायला धावली.

मनगटाच्या पुढं मात्र नस अडल्यासारखी झाली. वर्ष-दीड वर्ष गेलं, आणि आत्या त्या विषयावर बोलेनाशी झाली. आतोबा तेवढे रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसत. तिनं डोळे मिटायचे, त्यांनी एकेका बोटाला हलकेच स्पर्श करायचा, तिनं बोट ओळखायचं. करंगळीपाशी ती नेहमी गप्प राही.

एका संध्याकाळी मी तिथंच होतो. आतोबांनी करंगळीला बोट लावलं. ती म्हणाली, "करंगळी."

तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"तुमचं बोट थरथरून राह्यलं. काहून?"

"वय झालं आता," आतोबा म्हणाले.

"कवापासून?"

"झाले असतीन दोनेक वर्षं. तुह्या हाताचं चालू होतं, म्हणून बोललो नाही."

ते हात मागं घेऊ लागले, पण तिनं घेऊ दिला नाही. त्या संध्याकाळी आत्यानं कोणाला काहीच शिकवलं नाही.