मैदानाकडे पाठ करून बसणारे चाचा

आमच्या संघाने केलेल्या सगळ्या गोलांपैकी चाचांनी एकच पाहिला. सामना सुरू झाला की राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी ते प्लास्टिकची खुर्ची टाकत आणि मैदानाकडे चक्क पाठ करून बसत. मागे लोक बेंबीच्या देठापासून ओरडत असत, आणि हे आपले मांडीवर काठी घेऊन तिची जाळी बोटाने दाबून बघत असत. मी एकदा न राहवून विचारलं, "चाचा, मॅच बघावीशी नाही वाटत तुम्हाला?"

"मॅच बघायला एवढी माणसं आलीत गो बाय," ते म्हणाले. "जाळीकडं बघायला मी एकटाच हाय."

हा खेळ लॅक्रॉस. अबू धाबीत ही नोकरी लागेपर्यंत मीही त्याचं नाव ऐकलं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात काठी, काठीच्या टोकाला वीतभर जाळी. चेंडू जाळीत झेलायचा आणि जाळीनेच फेकायचा. जाळी ताठ राहिली तर चेंडू निसटतो. फार खोल झाली तर ती नियमात बसत नाही. पंच काठी बाद करतात आणि खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवतात. परदेशातून पगारी खेळाडू आणून इथे संघ उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या ऑफिसात ऑपरेशन्स बघायला लागले. म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही, ते माझं.

पहिल्याच महिन्यात सरावाच्या गोलाची जाळी फाटली. बंदरावर जाळी दुरुस्त करणारी माणसं असतात असं ड्रायव्हर म्हणाला, आणि तिथून चाचा आले. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, तीस वर्षं इथल्या मच्छीमारांची जाळी विणलेले. पांढरी दाढी, खिशात लाकडी सुई. माझं मराठी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गावाचा नव्हे, तर "घरी मासे खातेस की नाय?" मी पुण्याची आणि शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला उगाचच अपराधी वाटलं. गोलाची जाळी विणून झाली, जाता जाता त्यांनी कोपऱ्यातली एक काठी उचलली, जाळीत मूठ घातली आणि म्हणाले, "ही कोणी विणली? ह्यात कोलंबीसुद्धा थांबायची नाय." तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडे कामाला लागले.

त्यांचं एक तत्त्व होतं: जाळं पाण्यात ओळखायचं, दुकानात नाही. मैदान समुद्राला लागून, संध्याकाळी हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून हात दुखावा. अशा हवेत दोऱ्या सैल पडतात. म्हणून चाचा जाळी आधी भिजवायचे, ओली असतानाच ओढून बसवायचे आणि काठ्या शेडच्या बाहेर सावलीत टांगून ठेवायचे. "जिथं लढायचं तिथलीच हवा खाऊ दे त्यांना." ऑफिसच्या दारात लटकणाऱ्या त्या काठ्या मला मात्र चाळीत वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या दिसायच्या. मी कुरकुर केली की ते हसून म्हणायचे, "तू फाईल सांभाळ, हबीबी." कॅप्टन कॅनडाचा, साडेसहा फूट उंच. चाचांनी हात लावल्याशिवाय तो काठी घेऊन मैदानात पाऊल टाकत नसे.

साखळीतला शेवटचा सामना जिंकला तर आम्ही शेवटच्या चारांत जाणार होतो. तो बघायला मालक स्वतः येणार होते. आणि आखातात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाची जी खोड असते, ती मला नडली. इथे किमती वस्तू म्हटली की ती एसीत ठेवायची. औषधं एसीत, डाळी एसीत, पाहुणे एसीत. त्या शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेले असताना मी सगळ्या काठ्या आतल्या थंडगार स्टोअरमध्ये हलवल्या आणि दार कसं छान मोकळं दिसतंय म्हणून स्वतःवरच खूश झाले. त्यांना सांगायचं मालकांच्या गडबडीत राहून गेलं.

कोरड्या थंडीत जाळ्या आखडल्या. खेळाडूंना त्या ताठ लागल्या, आणि चाचा परतताना गर्दीत अडकले होते, म्हणून त्या दिवशी कॅप्टनसकट सगळ्यांनी ड्रेसिंग रूममध्ये आपल्या हाताने दोऱ्या ढिल्या केल्या. बाहेरच्या दमट हवेत पंधरा मिनिटांत त्या जाळ्यांच्या पिशव्या झाल्या. पंचांनी एकामागून एक तीन काठ्या बाद केल्या, तीन खेळाडू बाहेर बसले, तेवढ्यात समोरच्यांनी चार गोल मारले. चाचा जमिनीवर फतकल मारून, पाण्याच्या बाटलीने जाळ्या भिजवत, दोऱ्या आवळत होते. आम्ही एका गोलाने हरलो. हंगाम खलास.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "काठ्या आत कोणी ठेवल्या?" माझ्या नवऱ्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली होती. घरातल्या चौघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता; ती गेली तर देश सोडावा लागला असता. मी मनात तोच हिशोब करत होते. तेवढ्यात चाचा म्हणाले, "मैं रखा, सर. मेरा गलती." मॅनेजर म्हणाले की पुढच्या हंगामाचा करार मग होणार नाही. चाचांनी मान डोलावली. मी टेबलाकडे बघत बसले. आजही ते टेबल आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पुढच्या सकाळी मी शेडमध्ये गेले तर चाचा सरावाच्या जाळीला पडलेलं भोक दुरुस्त करत होते. करार संपला तरी हातातलं काम अर्धं टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी बोलायचे शब्द जुळवत उभी होते. बघते तर ते भोकाच्या कडेचे चांगले धडधाकट फासही कात्रीने कापून टाकत होते.

"चांगलं आहे ते कशाला कापताय?"

"फाटलंय तसंच ठेवून वर गाठ मारली तर भोक बुजतं, पण जाळं कायमचं वाकडं होतं," ते म्हणाले. "आधी कडा साफ कराव्या लागतात."

ते फक्त जाळ्याबद्दल बोलत होते, हे मी शपथेवर सांगते. पण माझे पाय तिथून थेट मॅनेजरांच्या केबिनकडे वळले. मी सगळं सांगितलं, व्हिसाचंही. मग मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली आणि चाचांचा करार झाला. ही बातमी घेऊन मी धावत शेडमध्ये गेले, वाटलं खूश होतील. चाचा चिडले! "आयुष्यात एकदा मनापासून खोटं बोललो," ते म्हणाले, "तेपण तू टिकू दिलं नायस." आणि मग स्वतःच हसायला लागले. मी मात्र रडत होते.

पुढचा हंगाम त्यांनी पूर्ण केला. मग गुडघे ऐकेनात, गावी मुलगा बोलवत होता. त्यांच्या शेवटच्या सामन्यात कॅप्टनने काय केलं असेल? मैदानात जाण्याआधी चाचांसकट खुर्ची उचलली आणि मैदानाकडे तोंड करून ठेवली. "यल्ला चाचा, लूक!" दहाव्या मिनिटाला त्याने गोल मारला आणि तिथूनच चाचांकडे बोट दाखवलं. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. चाचांचे डोळे भरले होते. मी वाकून विचारलं, "कसा वाटला गोल?"

"चेंडू सुटला बरा," खुर्ची पुन्हा पाठमोरी फिरवत ते म्हणाले. "पण डावीकडची दोरी जरा ढिली हाय. त्याला सांग."

आता ते खाडीकाठी असतात. आमचा सामना असला की दुपारी फोन येतो. निकालाची चौकशी त्यांनी अजून एकदाही केलेली नाही. विचारतात ते एवढंच: "काठ्या बाहेर हायत ना गो?" माझी मुलगी म्हणते, "आई, ही आस्क्स द सेम थिंग एव्हरी टाइम. जस्ट से येस!" काठ्या बाहेर असतातच, तो आता संघाचा नियमच आहे. तरी मी त्यांना "थांबा हं चाचा" म्हणते, एसीतून उठते, जिना उतरून शेडपाशी जाते, काठ्या डोळ्यांनी बघते, आणि मगच हो म्हणते. जो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, त्याला न बघता हो म्हणणं मला जमत नाही.